जकार्तातलं मतदान केंद्र: मोजणीला पैकीच्या पैकी, उमेदवारीला काठावर पास

लोक हॉटेलचं, मिक्सरचं, लाँड्रीचं परीक्षण लिहितात. मी मतदान केंद्राचं लिहिते आहे. इंडोनेशियाच्या अध्यक्षपदासाठी १४ फेब्रुवारी २०२४ ला मतदान झालं, ते दक्षिण जकार्तातल्या एका गल्लीत मी उभं राहून पाहिलं. सरकार नागरिकाला जी सेवा देतं तिच्यातली ही सगळ्यात मोठी, मग तिला तारे का देऊ नयेत?

तपासायचा अधिकार कुठून आला म्हणाल तर मी रायगड जिल्ह्यात जिल्हा परिषदेची शिक्षिका होते. म्हणजे निवडणुकीची ड्यूटी आलीच. मतपेटीला लाखेचं सील लावण्यापासून व्हीव्हीपॅटची चिठ्ठी पडताना बघण्यापर्यंत सगळं केलं. निवृत्तीनंतर जकार्ताला मुलगी-जावयाकडे गेले, तेव्हा त्यांचा मतदानाचा हंगाम सुरू होता. मत मला नव्हतं, पण मोजणी तिथं कुणीही पाहू शकतो. आणि आम्ही कोकणी मुसलमान शाफई (इस्लामी कायद्याच्या एका परंपरेतले), तिथलेही बहुतेक शाफई. त्यामुळे धर्माच्या अंगानं निवडणुकीबद्दल जे बोललं जात होतं त्याचे मुद्दे मला ओळखीचे होते. भाषा तेवढी मुलगी सांगत होती.

आधी व्यवस्थेबद्दल. केंद्राला ते टीपीएस म्हणतात. आमच्या गल्लीतलं बॅडमिंटनच्या कोर्टावर होतं: मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, पुठ्ठ्याचे आडोसे. फेब्रुवारीची चौदा तारीख म्हणून काही गल्ल्यांनी लाल बदामाचे फुगेही लावले होते. त्या पहाटे शहरात पाऊस झाला आणि काही ठिकाणी केंद्रात पाणी शिरलं. आमचं कोर्ट उंचावर, म्हणून वाचलं. एका केंद्राला जास्तीत जास्त ३०० मतदार. चालवणारे सात जण, सगळे त्याच मोहल्ल्यातले, शपथ घेऊन बसलेले. देशभरात मतदार २० कोटी ४८ लाख आणि केंद्रं ८ लाख २० हजारांवर, ही सगळी एका दिवसात, सकाळी सात ते दुपारी एक. आमच्याकडे एका केंद्रावर हजार-बाराशे नावं आणि बाहेर उन्हात रांग, ते आठवून मी गप्प बसले.

यंत्र नाही. कागदाची मतपत्रिका, तिच्यावर अध्यक्ष-उपाध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या जोड्यांचे फोटो, आणि दोऱ्याला बांधलेला खिळा. खिळ्यानं भोक पाडायचं. अध्यक्षाची पत्रिका करडी. बाकी संसद वगैरेंच्या वेगळ्या रंगांच्या. जकार्तात एकूण चार, इतर प्रांतांत पाच. शेवटी बोट शाईच्या बाटलीत बुडवायचं. नखाच्या कडेला बारीक रेघ वगैरे नाही, सरळ पेरभर बुडवायचं. त्या निळ्या बोटावर दिवसभर दुकानांत सवलत आणि कुठं कुठं फुकट कॉफीही मिळते. मला कुणी दिली नाही.

खरी मजा एकनंतर. पेटी सगळ्यांसमोर उघडतात आणि अध्यक्षाची मतं आधी मोजतात. एक जण पत्रिका उलगडून उजेडाकडे धरतो. भोक कुठल्या चौकटीत आहे ते आरपार दिसतं. तो क्रमांक पुकारतो, आणि पक्षांचे साक्षीदार आणि दोरीबाहेरची गर्दी मिळून ओरडते, "साह!" वैध. मागं भिंतीला चादरीएवढा तक्ता लावलेला असतो, त्यावर दुसरा जण चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी अशी मतं मांडत जातो. पोरं, म्हातारे, बाक्सोच्या (मटणाच्या गोळ्यांच्या सूपच्या) गाडीवरून वाडगा घेऊन आलेली माणसं, सगळे बघतात. भोक दोन चौकटींच्या मधोमध पडलं की पाच मिनिटं वाद, मग निर्णय. शेवटी तक्त्याचा फोटो ज्याला हवा तो काढतो. मी पण काढला.

आमच्याकडे यंत्र सील होऊन तालुक्याला जातं आणि कोठीत पडून राहतं. २०२४ ला पहिला टप्पा १९ एप्रिलला आणि मोजणी ४ जूनला. यंत्रावर माझा अविश्वास नाही, इतकी वर्षं मीच ते हाताळलं. पण आपल्या गल्लीची मतं मोजताना मी स्वतः पाहिली असं म्हणणारा मतदार आमच्याकडे आता उरलेला नाही. शूरा, म्हणजे सल्लामसलतीनं कारभार, यावर मी कितीतरी भाषणं ऐकली आहेत. त्या बॅडमिंटन कोर्टावर ती पहिल्यांदा कामाला लागलेली दिसली. या भागाला पाचपैकी पाच.

ॲपला मात्र दोन. तक्त्याच्या फोटोवरून आकडे वाचणारं सिरेकाप नावाचं ॲप निवडणूक आयोगानं आणलं होतं. ते हाताचे आकडे चुकीचे वाचू लागलं. तीनशे मतदारांच्या केंद्रावर एकेका जोडीला त्याहून जास्त मतं दिसू लागली, आणि देशभर आरडाओरडा झाला. मार्चमध्ये आयोगानं संकेतस्थळावरचा आलेखच दाखवणं थांबवलं. कायद्यानं निकाल ॲपवर ठरत नाही, केंद्र ते तालुका ते प्रांत अशा हातानं केलेल्या बेरजेवर ठरतो. आणि ॲपची चूक पकडली कुणी? तक्त्याचे फोटो काढणाऱ्या लोकांनीच.

कर्मचाऱ्यांबद्दल लिहिल्याशिवाय पुढं जाणार नाही, कारण मी त्याच जातीची आहे. २०१९ मध्ये अध्यक्ष आणि सगळी कायदेमंडळं यांचं मतदान त्यांनी पहिल्यांदा एका दिवशी घेतलं. मोजणी पहाटेपर्यंत, कुठं दुसऱ्या दिवसापर्यंत चालली. आयोगाच्याच आकड्याप्रमाणे ८९४ कर्मचारी मेले, बरेचसे थकव्यानं जुने आजार उसळून. २०२४ ला वयाची वरची मर्यादा ५५ केली, आरोग्य तपासणी ठेवली; तरीही मृत्यू शंभरावर गेले. जीव वाचवणं हे शरीयतच्या मूळ उद्दिष्टांपैकी एक आहे, हे कुठल्याही मदरशाच्या पोराला पाठ असतं. मग लोकांची अमानत (विश्वासानं सोपवलेली ठेव) मोजणाऱ्याचा जीव कोण मोजणार? आमच्या केंद्रावरची शेजारची बू (ताई म्हणा), पन्नाशीची, रात्री घरी परतली तेव्हा तिचे पाय सुजले होते. जून २०२५ मध्ये त्यांच्या घटना न्यायालयानं सांगितलं की २०२९ पासून राष्ट्रीय आणि स्थानिक निवडणुका वेगळ्या घ्या, मध्ये दोन ते अडीच वर्षांचं अंतर ठेवा. पक्षांनी त्यावर कपाळाला आठ्या घातल्या. माझ्या मते अख्ख्या सुधारणेत ही सगळ्यात धर्माची गोष्ट, जरी निकालात धर्माचं नावही नसलं तरी.

आता नीतीचा भाग. तो मला केंद्रावर नाही, बायकांच्या पंगाजियानमध्ये भेटला. कुराण आणि दीन शिकायला आठवड्याला जमतात ती बैठक. मतदानाच्या आधीच्या बैठकीत उस्ताझा, म्हणजे शिकवणाऱ्या बाई, कुराणातल्या निसा सूरेच्या अठ्ठावन्नाव्या आयतीवर बोलल्या: अमानती ज्याच्या त्याच्या हवाली करा, आणि लोकांत निवाडा कराल तेव्हा न्यायानं करा. मत ही अमानत, इथपर्यंत सगळ्यांनी माना डोलावल्या. मग त्यांनी हदीस सांगितली, अब्दुर्रहमान बिन समुरांना पैगंबरांनी सांगितलेली: सत्ता मागू नकोस, मागून मिळाली तर तिचं ओझं तुझ्या एकट्यावर, न मागता मिळाली तर तुला मदत होईल. यावर एका बाईनं विचारलं, "मग रस्त्यातल्या प्रत्येक झाडावर खिळ्यानं ज्यांचं तोंड ठोकलंय त्यांचं काय?" बैठक हसून लोळली. उस्ताझांनी उत्तर मात्र चांगलं दिलं. पैगंबर युसुफ अलैहिस्सलामनी इजिप्तच्या राजाला स्वतःच म्हटलं होतं की मला कोठारांवर नेमा, मी जपणारा आणि जाणकार आहे. म्हणजे मागणं हराम नाही. मागणाऱ्यानं आपण कशाला लायक ते दाखवावं, आणि आपण ते तपासावं.

मग पाकिटांचा विषय निघाला. मतदानाच्या पहाटे घरोघर पैसे वाटतात, त्याला तिथं पहाटेचा हल्ला म्हणतात. भ्रष्टाचारविरोधी आयोगानं त्या नावानं मोहीमच काढली होती. बायकांचा सवाल रोखठोक होता: पैसे घेतले आणि मत मनाप्रमाणं टाकलं तर? हा तोडगा तिथं सर्रास सांगितला जातो आणि आमच्याकडेही. उस्ताझांनी वाट ठेवली नाही. लाच देणारा आणि घेणारा दोघांवरही लानत (शाप) अशी हदीस आहे, पैसे कुठल्या खिशातून आले ते बघून हुकूम बदलत नाही. इथं एक गंमत आहे. अध्यक्षीय निवडणुकीच्या कायद्यात पैसे देणाऱ्याला शिक्षा आहे, घेणाऱ्याला नाही; राज्यपाल-महापौरांच्या निवडणुकीच्या कायद्यात दोघांनाही आहे. मी तरी देणाऱ्यापुरत्या शिक्षेच्या बाजूची आहे. दहा किलो तांदळावर महिना ओढणाऱ्या बाईला तुरुंगात टाकून कुठला न्याय होतो?

तांदळाचं मी सहज लिहिलं नाही. त्या हंगामात सरकार सुमारे २ कोटी २० लाख कुटुंबांना महिन्याला दहा किलो तांदूळ वाटत होतं, आणि एल निनोचं कारण देऊन रोख मदतही. अध्यक्ष जोको विडोडो स्वतः जाऊन गोण्या देत होते, आणि त्यांचा थोरला मुलगा गिब्रान उपाध्यक्षपदाला उभा होता. अध्यक्षाला प्रचार करता येतो, बाजूही घेता येते, असं त्यांनी जानेवारीत जाहीर बोलून दाखवलं. निवडणुकीला आव्हान दिलं गेलं तेव्हा घटना न्यायालयानं याच मदतीबद्दल विचारायला चार मंत्र्यांना बोलावलं. २२ एप्रिलला याचिका फेटाळल्या, पण आठातल्या तीन न्यायमूर्तींनी वेगळं मत नोंदवलं. अध्यक्षीय निवडणुकीच्या वादात हे पहिल्यांदाच घडलं. खलिफा उमर बिन अब्दुल अझीझ यांची गोष्ट आम्ही पोरांना सांगतो: सरकारी कामाला सरकारी तेलाचा दिवा, बोलणं घरगुती झालं की फुंकून विझवायचा. बैठकीत पाकिटावर अर्धा तास चर्चा झाली. गोणीवर कुणी काही बोललं नाही. मी विचारलं, तर मुलीनं भाषांतर करायचं टाळलं आणि मला चहा दिला.

उमेदवारीला काठावर पास का दिलं ते आता सांगते. घटनेच्या तिसऱ्या दुरुस्तीनं २००१ मध्ये थेट निवडणूक आली, २००४ ला पहिली झाली. त्याआधी अध्यक्ष एक सभा निवडायची, १९९९ ला ती सातशे जणांची होती. जुन्या फिकहमधल्या (इस्लामी कायदेशास्त्रातल्या) 'सोडवणाऱ्या-बांधणाऱ्यां'च्या, म्हणजे राज्यकर्ता ठरवणाऱ्या मान्यवरांच्या मंडळासारखी. १९९९ ला मेगावती सुकर्णोपुत्रींच्या पक्षाला सगळ्यात जास्त मतं होती, पण मुस्लिम पक्षांनी एकत्र येऊन सभेत अब्दुर्रहमान वाहिद यांना निवडून आणलं. बाई अध्यक्ष चालत नाही, हे त्या वेळी खुलेआम सांगितलं गेलं. दोन वर्षांत वाहिद गेले, मेगावती अध्यक्ष झाल्या, आणि बाईला विरोध करणारे हम्झा हाझ त्यांच्याच हाताखाली उपाध्यक्ष झाले. फतव्याला खुर्ची दिसली की तो असा मऊ पडतो. हे मी एक बाई म्हणून लिहितेय, राग येणाऱ्यांनी यावा.

थेट निवडणुकीचा विजयाचा नियम मात्र मला फार आवडला: निम्म्याहून जास्त मतं हवीत, शिवाय निम्म्याहून जास्त प्रांतांत किमान २० टक्के. एकट्या जावा बेटाच्या जोरावर देश जिंकता येऊ नये. २०२४ ला प्राबोवो सुबिआंतो आणि गिब्रान यांना ५८.५९ टक्के मिळाले, दुसरी फेरी लागलीच नाही. अनीस बास्वेदान २४.९५ वर, गांजार प्रानोवो १६.४७ वर.

दुकानात माल काय ठेवायचा हे पक्ष ठरवत होते, खरी गोची तिथंच होती. संसदेच्या २० टक्के जागा किंवा देशातली २५ टक्के मतं असलेल्या पक्षांनाच, एकट्यानं किंवा युतीनं, उमेदवार देता येई. तेही २०१९ पासून मागच्या निवडणुकीच्या आकड्यावर! २०१४ आणि २०१९ ला म्हणून दोनच जोड्या उरल्या आणि घराघरांत भांडणं लागली. त्यात १६ ऑक्टोबर २०२३ चा निकाल. वय ४० हवं, पण आधी महापौर वगैरे निवडून आलेला असला तर कमी चालेल, असं घटना न्यायालयानं ठरवलं. त्यामुळे ३६ वर्षांचे गिब्रान, सोलो शहराचे महापौर, उभे राहू शकले. सरन्यायाधीश अन्वर उस्मान हे अध्यक्षांच्या बहिणीचे नवरे, म्हणजे गिब्रानच्या आत्याचे यजमान. ७ नोव्हेंबरला न्यायालयाच्या नीतिमंडळानं गंभीर नीतिभंग ठरवून त्यांना सरन्यायाधीशपदावरून काढलं. निकाल तसाच राहिला.

बैठकीत यावर एका बाईनं फार बारीक काढलं. जुने फकीह (कायदेपंडित) काझीनं बाप, मुलगा यांच्या बाजूनं दिलेला निवाडा मानत नाहीत. बायकोचा भाचा त्या यादीत नाही. मग? उस्ताझांनी यादी बाजूला ठेवली आणि निसाचीच एकशे पस्तिसावी आयत वाचली: न्यायावर उभे राहा, मग तो तुमच्या स्वतःविरुद्ध, आईबापांविरुद्ध, नात्यातल्यांविरुद्ध का असेना. वयाबद्दल मी माझ्याकडून भर घातली: शाफई कायदेपंडित मावर्दी यांनी हजार वर्षांपूर्वी राज्यकर्त्याच्या सात अटी लिहिल्या, त्यात वय नाही, आणि पहिलीच अट न्यायीपणाची. म्हणजे छत्तीस वर्षांवर माझा आक्षेप नाही. दार उघडलं कुणी, त्यावर आहे.

एक गोष्ट तिथली आपण उचलावी अशी. निवडणूक अधिकाऱ्यांचं नैतिक वर्तन तपासणारं वेगळं मंडळ आहे, डीकेपीपी नावाचं. गिब्रानचा अर्ज नियम न बदलताच स्वीकारला म्हणून त्यानं निवडणूक आयोगाच्या अध्यक्षाला मतदानाच्या नऊ दिवस आधी कडक ताकीद दिली, आणि जुलै २०२४ मध्ये परदेशी केंद्रावरच्या एका महिला कर्मचाऱ्याच्या तक्रारीवरून, लैंगिक गैरवर्तन सिद्ध मानून, पदावरून काढलं. पहिला निर्णय मला अर्धवट वाटला. ताकीद दिली तरी अर्ज राहिलाच. दुसरा बघून मात्र बरं वाटलं.

आणि २ जानेवारी २०२५ ला ती २० टक्क्यांची अट गेली. याचिका कुणाची होती, तर योग्यकर्ताच्या सुनान कलिजागा या सरकारी इस्लामी विद्यापीठातल्या चार विद्यार्थ्यांची. त्याआधी तीसहून जास्त याचिका पडल्या होत्या, त्यातल्या कित्येक नावाजलेल्या वकिलांच्या आणि नेत्यांच्या. न्यायालयानं सात विरुद्ध दोननं म्हटलं की ही अट नीतिमत्तेला, विवेकाला सोडून आहे आणि असह्य अन्याय करणारी आहे. अशीच चालली तर अध्यक्षपदालाही एकच जोडी उरेल, ही भीतीही निकालात आहे. ती पोकळ नाही: नोव्हेंबर २०२४ च्या स्थानिक निवडणुकांत ३७ ठिकाणी एकच उमेदवार होता, समोर रिकामी चौकट. पांगकलपिनांग शहरात आणि बांगका जिल्ह्यात लोकांनी रिकाम्या चौकटीला जिंकवलं. मुलीनं हे फोनवर सांगितलं तेव्हा मी मोठ्यानं "साह!" ओरडले, शेजाऱ्यांनी खिडकी उघडली.

उमेदवारीला काठावर पास केलं ते या चार पोरांच्या जिवावर. २०२४ च्या हिशेबानं नापासच होती. आता उमेदवार फार झाले तर काय, याचे नियम संसदेनं करायचे आहेत. न्यायालयानं दिशा दिली आहे, हात बांधलेले नाहीत. पक्ष तिथं कुठली नवी अट घुसवतात ते बघूनच मी तारे वाढवेन.

२०२९ ला कुणी जाणार असेल तर: ओळखीच्या माणसाच्या गल्लीतलं केंद्र धरा, पर्यटक म्हणून घुसू नका. मतदान सुरू असताना दोरीच्या आत पाऊल नको. दुपारी साडेबाराला पोचा, म्हणजे सावलीतली खुर्ची मिळते; एकनंतर उभंच राहावं लागतं. मतदान पुन्हा फेब्रुवारीत असलं तर छत्री घ्या, तो महिना तिथं पावसाचा. अध्यक्षाची मोजणी तीन-चारपर्यंत आटपते, बाकीच्या पत्रिका रात्री उशिरापर्यंत चालतात, त्यासाठी थांबायची गरज नाही. मोजणाऱ्या माणसांसाठी पाण्याच्या बाटल्या आणि केळी नेली तर गल्लीतलं कुणी नाही म्हणत नाही, फक्त ती आधी पर्यवेक्षकाला दाखवून द्या. पाकिटबंद काहीही नेऊ नका.